वांगाच्या लेझरआधीचे सुन्न करणारे क्रीम

नमस्कार. वांगाचे डाग घालवण्यासाठी जळगावला लेझरला येणारे काही जण दवाखान्यातला तासभर वाचावा म्हणून घरूनच सुन्न करणारे क्रीम लावतात, वर स्वयंपाकघरातले प्लास्टिक चिकटवतात आणि स्कार्फ बांधून निघतात. चाळीसगावहून मे महिन्याच्या उन्हात असे येणे धोक्याचे का आहे, तेवढेच आज सांगतो.

ही पाच ग्रॅमची ट्यूब पाहा. हिच्यात लिग्नोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी 2.5 टक्के आहे. एरवी घनरूप असलेली ही दोन औषधे एकत्र आली की तेलासारखी पातळ होतात आणि म्हणूनच त्वचेत मुरतात. प्रौढांच्या किरकोळ उपचारासाठी अर्धी ट्यूब 20 ते 25 चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे काडेपेटीहून जरा मोठ्या जागेवर, लावण्याचे प्रमाण प्रचलित आहे. चेहरा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. त्यात प्लास्टिक, उष्णता किंवा नुकत्याच केलेल्या केमिकल पीलने (वरचा थर काढणाऱ्या रासायनिक उपचाराने) सोललेली त्वचा यांची भर पडली, की औषध रक्तात अधिक उतरते. लेझरने पायांवरचे केस काढण्याआधी असेच क्रीम लावून प्लास्टिक गुंडाळलेल्या 22 आणि 25 वर्षांच्या दोन तरुणींना झटके आले, त्या कोमात गेल्या आणि दगावल्या, अशी माहिती अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2007 साली जाहीर सूचनेत दिली होती.

क्रीम पुसल्यावर त्वचा पांढुरकी दिसली तर घाबरू नका, तो औषधाचाच परिणाम आहे. ओठ किंवा नखे निळसर दिसली तर मात्र प्रिलोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटलेली असू शकते. तांबड्या रक्तपेशींतल्या जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असणाऱ्यांना आणि कुष्ठरोगासारख्या आजारांवरच्या डॅप्सोनच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. अशा निळेपणावर नेहमी दिला जाणारा मिथिलीन ब्लू या औषधाचा उतारा जी-सिक्स-पीडीच्या कमतरतेत उलट घातक ठरू शकतो, म्हणून ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगा.

खरे तर वांगासाठी वापरल्या जाणाऱ्या सौम्य लेझरला पुष्कळदा क्रीम लागतच नाही, आणि क्रीमची ॲलर्जी होऊन पुरळ उठले तर आपल्या सावळ्या त्वचेवर नवाच डाग राहतो.

तोंडाभोवती मुंग्या, कानात गुणगुण, जिभेवर धातूची चव किंवा चक्कर जाणवली, तर क्रीम तत्काळ पुसून, धुऊन टाका, डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि ट्यूब सोबत घेऊनच रुग्णालय गाठा.