गाठीत सापडलेला विषाणू

१९५७ साल. युगांडातलं कंपाला. मुलागो रुग्णालयात पाच वर्षांचा एक मुलगा दाखवायला आणलाय. जबडा वर-खाली, दोन्ही बाजूंनी सुजलेला, दात हलताहेत. शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. ती कर्करोगाची गाठ होती, पुढे तिला बर्किट लिम्फोमा असं नाव पडलं. थोड्याच दिवसांत जिंजा गावी तसंच दुसरं मूल भेटलं. मग त्यांनी आफ्रिकाभर चौकशी केली, नकाशावर खुणा केल्या. खुणांचा पट्टा उष्ण, पावसाळी प्रदेशातून जात होता. हिवतापाचाही पट्टा तोच.

१९६१ मध्ये लंडनमध्ये बर्किट यांचं व्याख्यान ऐकलं आणि संशोधक अँथनी एपस्टीन यांना या गाठीमागे विषाणू असल्याचा संशय आला. गाठींचे तुकडे विमानानं लंडनला येऊ लागले. दोन वर्षं हाती काहीच नाही. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे विमान मँचेस्टरला उतरवलं, नमुना उशिरा पोचला. बाटलीतलं द्रावण गढूळ. जंतू शिरले, नमुना वाया गेला, असंच वाटावं. तरी एपस्टीन यांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गाठीतून सुटलेल्या पेशी जिवंत होत्या, तरंगत होत्या! या शोधातला सगळ्यात मोलाचा क्षण मला हाच वाटतो. सहकारी यव्हॉन बार यांच्यासोबत त्या पेशी वाढवल्या, आणि १९६४ मध्ये त्यांत विषाणू दिसला. एपस्टीन-बार.

हा विषाणू लाळेतून पसरतो. जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आहे, बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही. तो शिरतो बी पेशींत, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींत. शत्रू आला की या पेशींना वाढायचा इशारा मिळतो. विषाणूचं एक प्रथिन शत्रू नसतानाही तोच इशारा देत राहतं. एरवी शरीराच्या पहारेकरी टी पेशी अशा पेशी वेचून मारतात.

लहानपणी पुन्हा पुन्हा हिवताप झाला, की हा पहारा ढिला पडतो आणि बी पेशींची वाढ सुरूच राहते. प्रतिपिंडांची जनुकं सुधारताना या पेशी स्वतःचाच डीएनए कापतात. कधी जोड चुकतो. आठव्या गुणसूत्रावरचं मिक हे पेशीला वाढायला लावणारं जनुक चौदाव्यावर, प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसतं. तिथलं काम सतत चालू असतं, त्यामुळे मिकही थांबत नाही. अशी बिघडलेली पेशी खरं तर आपोआप मरायला हवी. विषाणू तिला मरू देत नाही.

ही गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. पण औषधांनी ती तितक्याच झपाट्यानं विरघळते. श्रीमंत देशांत बहुतेक मुलं बरी होतात. विषुववृत्तीय आफ्रिकेत मात्र निदान उशिरा होतं, औषधं अपुरी पडतात, आणि बरी होऊ शकणारी मुलं आजही दगावतात.