आज किती गेला?

नमस्कार श्रोतेहो,

आज मी माझ्या दादाबद्दल बोलणार आहे, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा जास्त त्याच्या आजूबाजूला असणाऱ्या आपल्यासारख्या माणसांबद्दल. दादा सैन्यात होता. सुरुंगाच्या स्फोटात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. आता तो बसून गोळाफेक करतो, पॅरा अ‍ॅथलेटिक्समध्ये त्याचा वर्ग आहे एफ ५७, म्हणजे बसून टाकणाऱ्यांच्या गटांपैकी एक, गोळा ४ किलोचा. आणि मी गेली सहा वर्षं ग्राउंडवर त्याच्यासाठी टेप धरते.

लोक भेटले की म्हणतात, सलाम तुम्हाला, केवढी हिंमत तुमची. मनापासून म्हणतात, मला माहितीये. दादा हसतो, थँक्यू म्हणतो, फोटो काढू देतो. एकदा अशाच एका कार्यक्रमातून परत येताना तो बराच वेळ गप्प होता आणि मग एकदम म्हणाला, "कोणी विचारतच नाही गं, आज किती गेला ते." त्या दिवशी सकाळी त्याचा गोळा आदल्या महिन्यापेक्षा अकरा सेंटिमीटर जास्त गेला होता. अख्ख्या हॉलमध्ये ते फक्त मला माहीत होतं, आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं. ते अजून टोचतं मला.

म्हणजे बघा, जखमेबद्दल सगळे बोलतात पण खेळाबद्दल कोणी बोलत नाही. आणि दादासाठी जखम ही झालेली गोष्ट आहे, खेळ ही चालू असलेली.

या खेळांची सुरुवातच मुळात जखमी सैनिकांपासून झाली. २९ जुलै १९४८, ज्या दिवशी लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होतं त्याच दिवशी इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल हॉस्पिटलात डॉक्टर लुडविग गुटमन यांनी तिरंदाजीची स्पर्धा घेतली, १६ जखमी सैनिक होते, त्यात बायकाही होत्या. पुढे १९६० साली रोमला जे खेळ झाले ते पहिले पॅरालिम्पिक धरले जातात. आणि आपल्या मुरलीकांत पेटकरांना तर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, मूळचे बॉक्सर, नंतर पोहायला लागले आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदात मारून सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री मिळाली २०१८ ला. मधली वर्षं मोजा तुम्ही, ४६ होतात.

मी दादाला जास्त वेळा सांगते ती गोष्ट होकाटो सेमांची, तेही आपले फौजीच. २००२ ला जम्मू काश्मीरमध्ये सुरुंगस्फोटात पाय गेला, गोळाफेक सुरू केली २०१६ ला, वय बत्तीस, आणि २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १४.६५ मीटर टाकून कांस्य. त्याच फायनलमध्ये आपलेच सोमन राणा, तेही सुरुंगात पाय गमावलेले फौजी, पाचवे आले. पाचवे म्हणजे जगात पाचवे हो. पाय गेला आणि पदक आलं असं एका वाक्यात आपण म्हणून टाकतो, त्या वाक्यात मध्ये बावीस वर्षं आहेत. त्या बावीस वर्षांत सकाळी ग्राउंडवर सोडायला कोण जात होतं, पाय सुजला की गाडी कोण चालवत होतं, हे माझ्या डोक्यात येतं सारखं.

आमच्याकडे पहिली दोन वर्षं तर काहीच नव्हतं. दादा खोलीतून बाहेर यायचा नाही. नसलेल्या पायाची बोटं पिळवटल्यासारखी दुखायची रात्री, फँटम पेन म्हणतात त्याला, आणि हे दुखणं खरंखुरं असतं, मनाचे खेळ नसतात, मेंदूला त्या पायाचे सिग्नल अपेक्षित असतात आणि ते येत नाहीत. घरात आम्ही सगळे हळू आवाजात बोलायचो. त्याने पाणी मागायच्या आधी ग्लास समोर. तो चिडला तरी कोणी उलटून बोलायचं नाही. आम्हाला वाटायचं आपण केवढं सांभाळतोय त्याला.

मग कोणाच्या तरी ओळखीने एक कोच भेटले. तिसऱ्याच दिवशी दादा पंधरा मिनिटं उशिरा पोचला आणि ते त्याच्यावर सगळ्यांसमोर ओरडले. मी बाजूला उभी, मला इतका राग आला की आता भांडणारच होते, आणि दादाकडे बघितलं तर तो ताठ बसलेला, आणि चेहऱ्यावर, कसं सांगू, बरं वाटल्यासारखं काहीतरी. घरी येताना म्हणाला उद्या पाचला उठव. फौजेत त्याचा पाय गेला हे आम्हाला दिसत होतं, पण त्याचं युनिट गेलं, टाइमटेबल गेलं, चुकलं तर झापणारा माणूस गेला, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. कोचने ते परत दिलं.

आता थोडं कामाचं सांगते, कारण ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असा खेळाडू असेल तर उपयोग होईल.

लोकांना वाटतं सगळा खर्च त्या चकचकीत ब्लेडचा, म्हणजे धावायच्या वाकड्या कृत्रिम पायाचा असतो. दादाला ब्लेड लागतच नाही, तो बसून टाकतो. त्याच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा वरचा कप, ज्यात उरलेला पाय बसतो, त्याला आम्ही घरी स्टंपच म्हणतो. स्टंपचा आकार बदलत राहतो, सकाळी वेगळा संध्याकाळी वेगळा, वजन दोन किलो कमी झालं तरी सॉकेट ढिलं होतं, मग कमी जास्त मोजे घालून ते जुळवायचं. घाम आला की आत घासतं, फोड येतो, आणि एक फोड म्हणजे चार दिवस पाय घालायचा नाही, म्हणजे जिम गेली, चालणं गेलं, कधी कधी अख्खी स्पर्धा गेली. रोज रात्री आरसा घेऊन स्टंप चारी बाजूंनी बघायचा. हे काम दिसत नाही कोणाला पण माझ्या मते निम्मं पदक तिथेच आहे.

दुसरं म्हणजे औषधं, आणि इथे खरंच हात जोडून सांगते. जखमी सैनिकांच्या गोळ्या बऱ्याच वर्षांच्या असतात, दुखण्याच्या असतात. ट्रॅमाडॉल घ्या, साधी वाटते, पण १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात तिच्यावर बंदी आहे. बीपीच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध असतं, ते तर स्पर्धा असो नसो, कायमच बंदीच्या यादीत. डॉक्टरांना आधी सांगायचं की हा खेळाडू आहे, दुसरी गोळी चालत नसेल तर उपचारासाठी सूट मागायचा अर्ज असतो, तो वेळेत करायचा. मी एक वही ठेवलीये, दादाच्या पोटात काय गेलं ते सगळं त्यात, सर्दीची गोळीसुद्धा.

तिसरं क्लासिफिकेशन. कोणाचं शरीर खेळताना किती साथ देतं ते तपासून वर्ग ठरवतात, म्हणजे स्पर्धा बरोबरीच्यांत होते. ऐकायला सोपं आहे, पण त्या टेबलावर पडून अनोळखी माणसांना आपला तुटलेला भाग दाखवायचा, हे हलव ते हलव, तेव्हा दादाला परत हॉस्पिटलमधल्या पहिल्या आठवड्यात गेल्यासारखं झालं. आणि काहींना "रिव्ह्यू" मिळतो, म्हणजे पुढे परत तपासणार, वर्ग बदलूही शकतो, आणि वर्ग बदलला की समोरचे सगळे प्रतिस्पर्धी बदलतात. त्या दिवशी त्याच्याबरोबर जा. काही बोलायची गरज नसते, पण जा.

आणि आवाज! हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. पहिल्या स्पर्धेत दादा फ्रेमवर बसला, पट्टे आवळले, फ्रेम म्हणजे ती जमिनीला बांधलेली उंच सीट, उशीसकट ७५ सेंटिमीटरच्या वर चालत नाही आणि टाकताना बूड सीटवरून सुटलं की फाउल. तो गोळा मानेला लावणार तेवढ्यात शेजारच्या ट्रॅकवर शंभर मीटरची बंदूक वाजली. दादाच्या हातातून गोळा खाली. चेहरा पांढरा. लोकांना वाटलं हात घसरला. तेव्हापासून मी आदल्या रात्री ट्रॅकचं वेळापत्रक घेऊन बसते आणि त्याला सांगून ठेवते, तुझ्या थ्रोच्या वेळी दोनशे मीटरच्या प्राथमिक फेऱ्या आहेत, चार वेळा बंदूक वाजेल. माहीत असलं की त्याला चालतं.

पैशाबद्दलही बोलतेच. पदक आल्यावर देणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे आभारच आहेत. पण खेळाडू मोडतो तो पदकाच्या आधीच्या वर्षांत. तुमच्या मनात मदत करायची असेल तर एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला थोडी द्या, फिजिओचा खर्च उचला, प्रवासाचं तिकीट काढा, त्याच्यासोबत जाणाऱ्या माणसाचंही काढा, कारण फ्रेम, गोळे, कुबड्या, सामान हे सगळं एका पायावर एकटा माणूस कसा नेणार. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी आठवड्यातून एक सकाळ द्या. गोळा टाकला की तो उचलून परत आणणारं कोणीतरी लागतं, दादा एका सकाळी चाळीस वेळा टाकतो, म्हणजे चाळीस फेऱ्या. शेजारचा एक कॉलेजचा मुलगा मंगळवारी येतो, दादाशी एक शब्द सहानुभूतीचा बोलत नाही, गोळा आणून देतो आणि म्हणतो कोपर खाली आलं तुमचं. दादाला तो प्रचंड आवडतो.

कार्यक्रमांना बोलावणाऱ्यांना एवढीच विनंती, स्पर्धेच्या आधीचे दोन महिने सोडा. त्याला नाही म्हणता येत नाही, फौजेची सवय आहे, आणि एका संध्याकाळच्या स्टेजमागे दुसऱ्या सकाळचा सराव जातो.

गेल्या आठवड्यात दादाचा गोळा बारा मीटरच्या रेषेला लागला. रेषेच्या पुढे नाही, रेषेलाच. त्याला पॅरिसच्या त्या पाचव्या नंबरचं अंतर पाठ आहे, १४.०७, आणि तो दोन मीटरच्या फरकाबद्दल असं बोलतो जणू पुढच्या गल्लीत जायचंय. मला माहीत नाही तो पोचेल का. तो अडतीस वर्षांचा आहे. पण उद्या पाचला त्याला उठवायचंय, सव्वापाचला लायनर, म्हणजे सॉकेटच्या आत स्टंपवर घालायचं मऊ आवरण, चढवायचं आणि सहाला पहिला थ्रो. हा कार्यक्रम ऐकून तुम्ही त्याला कुठे भेटलात तर काय विचारायचं ते तुम्हाला आता माहितीये.

नमस्कार.