आधी दोर, मग चेनसॉ

मंडळी, विषय पत्रिकेत छापलाच आहे: झाडं काढायच्या धंद्यातली यंत्रं आणि नवी माणसं. यंत्रांवर मी येणार आहे. आमच्या धंद्यातली चार-पाच पोरं मागे बसली आहेत, ती त्यासाठीच आली आहेत. पण आधी माणसांबद्दल बोलू द्या. यंत्र काय, पैसे टाकले की दुकानात मिळतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की नव्या मुलाने पहिला अख्खा पावसाळा खाली उभं राहून फांद्यांचा दोर धरण्यात काढावा. तोवर त्याला चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, द्यायची नाही आणि झाडावर तर चढवायचंच नाही. आमच्यात चालतं ते नेमकं उलटं. मुलगा अंगाने दणकट दिसला की पहिल्याच दिवशी त्याच्या हातात चेनसॉ येते, आणि दोर धरायला नाक्यावरून कोणालाही उचलून आणतात. दोर काय, कोणीही धरेल, अशी समजूत. ही समजूत मोडावी म्हणूनच मी आज इथे आलो आहे.

पुस्तकातला नियम असा, की उभं झाड पाडायचं असेल तर त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणी असता कामा नये. आता मला सांगा, आपल्या बडोद्यात दांडिया बाजारात किंवा बाबाजीपुऱ्यात चाळीस फुटी झाडाभोवती ऐंशी फूट मोकळी जागा कुठून आणायची? एका अंगाला वाडा, दुसऱ्या अंगाला विजेच्या तारा, खाली लावलेल्या स्कूटर. म्हणून शहरात झाड पाडत नाहीत, उतरवतात. शेंड्याकडून सुरुवात करून एकेक फांदी दोराला बांधायची, कापायची आणि खाली सोडायची. कापणं दोन मिनिटांत होतं. खरं काम सोडण्यात आहे.

ओल्या लाकडाचं वजन लोकांच्या लक्षातच येत नाही. फूटभर जाड आणि दहा फूट लांब फांदी दोनशे किलोच्या आसपास भरते. ती एक माणूस धरतो तो ताकदीवर नाही, वेढ्यांवर. दोर वरच्या बेचक्यातून किंवा कप्पीवरून खाली आणायचा आणि बुंध्याला वेढे द्यायचे. दर वेढ्याला पकड कित्येक पटींनी वाढते. दोन-तीन वेढे घेतले की दोनशे किलो हातात पाच-दहा किलोंसारखे लागतात. पण फांदी सुटते तेव्हा ती नुसती लटकत नसते, वेगात येत असते. दोरवाल्याने घाबरून दोर गच्च धरला, तर सगळा हिसका वर जातो आणि बुंधा हलतो. त्या बुंध्याला आपलाच माणूस पट्ट्याने बांधलेला असतो. ढिला सोडला तर फांदी कौलांवर. या दोन्हींच्या मधलं ते शिकायचं. बडोद्याच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे, कारण उत्तरायणात पतंगाला ढील कशी द्यायची हे इथल्या पोराला चालायच्या आधी कळतं. दोर पळू द्यायचा आणि पळता पळता आवळत न्यायचा.

माझ्याकडे छोटाउदेपूरकडचा एक जण आहे, पन्नाशीचा. सगळे त्याला मामा म्हणतात. मामा दोरावर असतील तर वरचा माणूस निवांत कापतो. त्यांचे हात बघण्यासारखे असतात. दोर तळव्यात, अंगठा कधी आत नाही, आणि दोराचं वेटोळं पायापासून हातभर लांब, उलगडून ठेवलेलं. नजर फांदीवर नसते, कापाच्या जागेवर असते. एका वाड्यावर रेन ट्रीची मोठी फांदी आली होती. खाली जुनी कौलं, आणि आत एक आजी, ज्या काही केल्या घर सोडून बाहेर यायला तयार नव्हत्या. वरच्याने खालून खाच घेतली, वरून काप सुरू केला. आतले रेषे तुटायला लागले तो आवाज मशीनच्या घरघरीतही मामांनी टिपला आणि फांदी सुटायच्या आधीच अर्धं पाऊल मागे सरकून दोराला ढील दिली. दोर सालीवरून असा सरकला की साल सोलून निघाली. फांदी खाली आली, हळू झाली आणि कौलांच्या वर वीतभर थांबली. मग तिला बाजूला ओढून अंगणात ठेवली. आजींनी आतून विचारलं, “सुरू कधी करणार?” मामांना मी वर चढणाऱ्याइतकीच मजुरी देतो. त्यावरून धंद्यातले लोक माझ्याशी वाद घालतात, खुशाल घालोत.

आता जे सांगतो ते सांगताना मला अजून राग येतो. एका सोसायटीत माझं काम चालू होतं. शेजारच्या सोसायटीने गुलमोहोर काढायला दुसरा माणूस बोलावला होता, कारण त्याचा भाव निम्मा होता. त्याच्याकडे कोरी करकरीत चेनसॉ होती, आणि दोरावर सकाळीच नाक्यावरून आणलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, पायात चपला. पकड चांगली बसावी म्हणून त्याने दोर मुठीला गुंडाळला. मी कुंपणावरून ओरडलो, पण चेनसॉच्या आवाजात काय ऐकू जाणार! गुलमोहोराची फांदी इशारा देत नाही, कटकन तुटते. तशी ती तुटली, मुलगा दोराबरोबर बुंध्याकडे ओढला गेला आणि हात वेढ्यात सापडला. दोन बोटं गेली. मी आणि माझ्या माणसांनी त्याला रिक्षात घातलं. आणि सोसायटीचे सेक्रेटरी खाली येऊन पहिलं काय बोलले? “कंपाउंडची भिंत कोण भरून देणार?” मंडळी, भिंत भरून देता येते. त्या मुलाला कोणी सांगितलं नव्हतं की दोर मुठीला गुंडाळायचा नाही. एका वाक्याचं शिक्षण होतं ते, आणि ते द्यायला कोणाला वेळ नव्हता. नंतर त्या ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा आणला आणि तेच झाड पुरं केलं.

तुमच्यातले बरेच जण सोसायटीच्या कमिटीवर असाल. “अर्ध्या तासाचं काम आहे, लगेच या” असा फोन करू नका, ही माझी विनंती आहे. अर्ध्या तासात होतं ते झाड कापणं. दोर कुठून टाकायचा, कुठली फांदी पोकळ आहे, मधमाश्यांचं मोहोळ आहे का, घरटी आहेत का, हे बघण्यातच तासभर जातो.

हे शिकवायला आपलं गाव नवं नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जरांनी इथे कलाभवन काढलं. हाताची कामं शिस्तीने आणि लोकांच्या भाषेत शिकवायची, ही त्यामागची कल्पना होती. दादासाहेब फाळके तिथले विद्यार्थी. पण माझ्याकडे येणारा एकही मुलगा हे काम कुठे शिकून आलेला नसतो. दाहोदच्या मुलाशी गुजरातीत बोलावं लागतं, चढणारा मराठी, हायड्रा क्रेनवाला हिंदीभाषिक. म्हणून आमच्याकडे हुकूम तोंडी नाहीत, शिट्टीवर आहेत. एक लांब शिट्टी म्हणजे सगळं बंद, आणि ती वाजवायचा हक्क पहिल्या दिवशी आलेल्या मुलालाही आहे. त्याने उगाच वाजवली तरी त्याला कोणी बोलायचं नाही.

काही पालक मुलं घेऊन येतात. जुम्मादादांच्या व्यायाम मंदिरात मल्लखांब केलाय, दोरावर सरसर चढतो म्हणतात. चढतात खरंच, बघत राहावं असं चढतात. त्यांनाही मी आधी खालीच ठेवतो. वर चढून काय कापायचं हे खालून बघितल्याशिवाय कळत नाही.

विश्वामित्री नदीच्या काठावर काम असलं तर एक माणूस फक्त पाण्याकडे बघायला ठेवतो. हसताय तुम्ही, पण मगर ही काय चीज आहे हे पुराच्या दिवसांत दारात बघितलेले लोक याच सभागृहात असतील.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत म्हणे. तर आता यंत्रं, भराभरा.

चेनसॉ टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. चांगलं टू-स्ट्रोक तेल असेल तर लिटरला २० मिली, आणि मशीनच्या पुस्तकात वेगळं दिलं असेल तर पुस्तकाचं ऐका. साखळीचं तेल वेगळं. गाडीतलं काढलेलं काळं तेल त्यात ओतू नका, साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी आणि तेलाचा पंप दोन्ही खराब होतात. भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला की साखळी बोथट झाली समजा. तेव्हा जोर लावायचा नाही, थांबून कानस मारायची. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येते. त्यासाठी डाव्या हाताचा अंगठा हँडलखालून घातलेला हवा आणि साखळीचा ब्रेक रोज सकाळी तपासलेला हवा. खांद्याच्या वर चेनसॉ चालवायची नाही, एका हाताने तर नाहीच.

हायड्रावर १४ टन लिहिलेलं असतं ते बूम, म्हणजे क्रेनचा हात, आखूड आणि ओझं जवळ असताना. बूम लांबवली की क्षमता झपाट्याने खाली येते. तक्ता केबिनमध्ये लावलेला असतो, ऑपरेटरला तो वाचायला लावा. आणि फांदी कापायच्या आधी तिला बांधलेला क्रेनचा पट्टा ताणून घ्या, नाहीतर हिसका क्रेनलाच बसतो.

चिपर, म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे करणारं यंत्र, घेतला असेल तर फांदी जाड बाजूने आत घाला, बाजूला उभं राहा, अडकलेली फांदी पायाने ढकलू नका. सैल बाह्या, गळ्यातला गमछा, मनगटापाशी मोकळे हातमोजे हे सगळं चिपरपासून लांब.

विजेच्या तारेशेजारी काम असेल तर वीज कंपनीकडून, म्हणजे एमजीव्हीसीएलकडून, लाइन बंद करून घ्या आणि ती बंद झाल्याचं जागेवर तपासा. कोणाच्या घरातला जनरेटर उलटा प्रवाह लाइनवर सोडू शकतो. ओली फांदी वीज वाहून नेते.

२०२३ साली आपल्या गुजरात सरकारने कोनोकार्पस हे शोभेचं झाड लावण्यावर बंदी आणली. ते काढायची कामं मिळाली तर नव्यांना तिथे शिकवा. फांद्या बारीक असतात, दोराचा हात बसायला चांगल्या.

आणि कमिटीवाल्यांनो, भाव विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा: महापालिकेची परवानगी कोण काढणार, आणि कामगारांच्या विम्याची पॉलिसी आहे का. पॉलिसीची प्रत हातात घ्या, त्यावरच्या तारखा वाचा, आणि दोरावर कोण उभं राहणार आहे त्या माणसाशी कामाच्या आदल्या दिवशी पाच मिनिटं बोला. मागे बसलेल्या पोरांनी थांबा, मी एक दोर बरोबर आणलाय. वेढे कसे घ्यायचे ते बाहेरच्या खांबावर दाखवतो.