काटा कोणाचा?

कोकणात मासळी साफ करणाऱ्या कुणालाही विचारा, शिंगाळा हातात आला की आधी काटे मोडायचे. पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन. तो काटा बुडाशी सांध्यात बसलेला असतो, मासा तो उभा करतो आणि चक्क लॉक करतो, मग बोटात घुसला की काय होतं ते ज्याला लागलाय त्यालाच विचारा.

आता स्क्रीनवरचा हा काटा बघा. काळा, किंचित मागे वाकलेला, जवळपास २० कोटी वर्षं जुना, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाईम रीजिसच्या कड्यांमधला. याच्या बुडाला सांधाच नाहीये. खालचा भाग नुसता बारीक रेघांचा, म्हणजे तेवढा मांसात रुतलेला होता. वरच्या भागावर उभे उंचवटे आणि मस्त चकाकी, म्हणजे तो बाहेर पाण्यात. मागची बाजू वळवली की गळासारख्या छोट्या आकड्यांच्या दोन रांगा आणि बुडाशी मागून उघडी खोबण. सांधा नाही, म्हणजे हा शिंगाळ्याच्या घराण्यातला नाही, हा शार्कचा. हायबोडस. आपल्या बाजारातल्या मुशीच्या पाठीवर असा काटा नसतो, याच्या पाठीवर मात्र दोन होते, प्रत्येक पराच्या पुढे एक.

इथपर्यंत सोपंय. पुढची गोम अशी की शार्कचा सांगाडा कूर्चेचा, आपल्या कानाच्या वरच्या भागासारखा लवचिक, तो कुजून जातो आणि मागे उरतात दात आणि काटे, तेही वेगवेगळ्या ठिकाणी पांगलेले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात झालं काय, की काट्याला एक नाव, दाताला दुसरं नाव, आणि मासा एकच. हायबोडसच्या जातकुळीत नरांच्या डोक्यावरही छोटे आकडे असायचे, लुई आगासीनं तेसुद्धा दात समजून त्यांना स्फेनॉन्कस असं स्वतंत्र नाव देऊन टाकलं!

हा आगासी म्हणजे जीवाश्म माशांमधला तेव्हाचा सगळ्यात मोठा माणूस. १८३४ मध्ये तो लाईम रीजिसला आला आणि तिथे मेरी अ‍ॅनिंग आणि एलिझाबेथ फिलपॉट या जीवाश्म गोळा करणाऱ्या दोघींनी त्याला दाखवून दिलं की कुठला काटा कुठल्या शार्कचा. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. त्यांना कसं कळलं? अहो, दगड त्याच फोडत होत्या ना, काय कशाच्या शेजारी पडलेलं असतं ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. म्युझियमच्या खणात काटा पोचेपर्यंत शेजारी गायब झालेला असतो.

१८३९ मध्ये हायबोडसच्या आकडेदार दाताचा नवा शोध म्हणून गाजावाजा झाला तेव्हा मेरीनं एका मासिकाला पत्र पाठवलं, की यात नवीन काही नाही, असे दात मला कधीच सापडलेत, आगासींशी बोलणंही झालं होतं, त्यांनी पुस्तकात कसं लिहिलं नाही याचंच नवल वाटतं. आणि जाता जाता एक वाक्य, की या दातांबरोबर आम्हाला बहुतेक वेळा ते काटेही सापडतात. माझ्या मते अख्ख्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ हीच.

आता हा दुसरा काटा समोरून बघा. डावी-उजवी बाजू सारखी नाहीये. पाठीच्या मधोमध असता तर सारखी असती, म्हणजे हा बाजूच्या पराचा, जोडीतला एक. हा जायरॅकँथस, दगडी कोळशाच्या काळातला, याच्या काट्यांची टोकं बऱ्याचदा झिजलेली मिळतात.

आणि हा ज्याच्यावर चांदण्यांसारखे उंचवटे आहेत तो अ‍ॅस्टेराकँथस. हे नाव आगासीनं काट्यावरून दिलं. स्ट्रोफोडस नावाचे चपटे दात याचेच असं पुढे कित्येक वर्षं धरून चालले होते. मग जर्मनीत सोल्नहोफनच्या चुनखडीत जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला, काटे जागेवर, दात तोंडात, आणि २०२१ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं तेव्हा कळलं की दात भलतेच आहेत. स्ट्रोफोडस वेगळा निघाला. गंमत म्हणजे त्याच वर्षी आपल्या जैसलमेरच्या जुरासिक दगडांतून एक नवी जात जाहीर झाली, स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस. कशावरून ओळखली? दातांवरून.