पेशीला फिट येत नाही

मंडळी, रस्त्यात कुणाला फिट आली की गर्दीतून पहिली आरोळी येते, ‘चप्पल हुंगवा!’ कोल्हापुरात चपलांना तोटा नाही. फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपणच थांबते आणि श्रेय चपलेला जातं. कशामुळे काय झालं हे ठरवताना माणूस असा चकतो, आणि डॉक्टरही चकतात.

1993 साली फिनलंडच्या डॉक्टरांनी एक गोष्ट मांडली. वयाच्या विशीआधी व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध सुरू झालेल्या स्त्रियांपैकी 80 टक्के जणींचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढलेलं होतं किंवा अंडाशयं पीसीओसारखी, म्हणजे बारीक पिशव्यांनी भरलेली, दिसत होती. लगेच शंका आली, हे गोळीनं केलं की आजारानं? शंका रास्तच होती. झटका मेंदूत उठतो आणि पाळीचे हुकूमही मेंदूतूनच सुटतात.

उत्तर मिळालं ते प्रयोगशाळेतल्या बशीत. पेशीला फिट येत नाही, हाच तिचा मोठा उपयोग! 2004 साली नियमित पाळी असलेल्या स्त्रियांच्या अंडाशयातल्या थीका पेशी, म्हणजे पुरुषी संप्रेरकं बनवणाऱ्या पेशी, वाढवून त्यांत व्हॅल्प्रोएट घातलं. तिथं ना मेंदू, ना अपस्मार. तरीही पुरुषी संप्रेरकं वाढली.

कशी? आपलं गुऱ्हाळ डोळ्यांपुढं आणा. कोलेस्टेरॉल हा उसाचा रस. एकेक एन्झाइम त्याला पुढच्या टप्प्याला नेतं. टेस्टोस्टेरॉन ही काकवी आणि तिचाच पुढं गूळ होतो, तो इस्ट्रोजेन. हो, बायकी संप्रेरक पुरुषी संप्रेरकापासूनच बनतं. वर्गात हे सांगितलं की पोरं हमखास एकमेकांकडं बघतात. व्हॅल्प्रोएट जनुकांवरची घट्ट गुंडाळी सैल करतं. त्यामुळं काकवीपर्यंत नेणारी एन्झाइम्स जास्त तयार होतात.

पण बशीत यकृत नसतं, हेही ध्यानात ठेवा. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉईन या फिटच्या दुसऱ्या औषधांची मुख्य करामत यकृतातच चालते. टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन वाढतं, मोकळं टेस्टोस्टेरॉन घटतं. गर्भनिरोधक गोळीचाही फडशा लवकर पडतो. मग एकही गोळी न चुकवता दिवस राहतात आणि घरात बोलणी बाईलाच बसतात. लॅमोट्रिजिन या फिटच्या आणखी एका औषधाची तऱ्हा उलटी. इस्ट्रोजेनवाली गर्भनिरोधक गोळी सुरू केली की रक्तातलं लॅमोट्रिजिन निम्म्यावर येऊ शकतं आणि थांबलेल्या फिट्स परत डोकं काढतात.

आत्ताच एक चिठ्ठी आलीय, ‘मुलीची पाळी चार महिने नाही. फिटची गोळी बंद करू का?’ नको, ताई. एकदम बंद केली तर फिटमागून फिट येऊन जिवावर बेतू शकतं. पण गप्पही बसू नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, टेस्टोस्टेरॉन तपासायचं का, सोनोग्राफी करायची का, दुसरं औषध चालेल का. व्हॅल्प्रोएट असेल तर लग्न ठरायच्या आधीच विचारा, कारण त्यानं पोटातल्या बाळालाही धोका असतो. आणि जाताना तारखा घेऊन जा. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचे खाडे लिहिता ना? त्याच चौकटीत पाळी आणि फिट, दोन्ही लिहा.