साइट रीडिंगचं अर्धं मिनिट

नमस्कार नाशिककर मंडळी! घरात कुणी पियानो नाहीतर व्हायोलिनच्या ग्रेड परीक्षेला बसणार असेल तर त्याला जरा रेडिओजवळ बोलवा, कारण आज साइट रीडिंगबद्दल बोलायचंय, म्हणजे कधीच न पाहिलेला तुकडा समोर ठेवतात आणि तो तिथल्या तिथे वाचून वाजवायचा.

एबीआरएसएम, म्हणजे या ग्रेड परीक्षा घेणारं लंडनचं बोर्ड, त्यांच्या प्रॅक्टिकल ग्रेडला 150 पैकी 21 मार्क याचे असतात, आणि आधी अर्धं मिनिट मिळतं. आता बरीच मुलं ते अर्धं मिनिट नुसती कागदाकडे बघत बसतात! अरे, त्या वेळात वाजवून बघितलेलं चालतं. आधी शार्प-फ्लॅट, म्हणजे सूर चढवायच्या-उतरवायच्या खुणा, किती ते बघा, मग बारमध्ये, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या भागात, बीट म्हणजे मात्रा किती, आणि लगेच सगळ्यात अवघड दिसणाऱ्या बारवर हात ठेवून तो वाजवून बघा, सोप्या सुरुवातीवर वेळ घालवू नका. स्पीड पण त्या अवघड बारला झेपेल तेवढाच धरायचा.

माझ्याकडे कॉलेज रोडला एक मुलगी शिकायला येते, तिचं एक बोट चुकलं की "सॉरी मॅडम" म्हणून परत पहिल्यापासून सुरू, आणि त्यात ठेकाच मोडतो. मी तिला म्हटलं, अगं भजनात एकाचा शब्द चुकला म्हणून टाळ थांबतात का? चुकलेला सूर सोडून द्यायचा आणि पुढच्या बीटला हजर व्हायचं.

मग तिच्या आईला कामाला लावलं. त्यांना नोटेशन अजिबात येत नाही, पण त्या शेजारी बसतात आणि पोरगी जो बार वाजवत असते त्यावर जुनं लग्नपत्रिकेचं पाकीट सरकवत नेतात, म्हणजे मागे बघायची सोयच नाही, डोळे आपोआप पुढे जातात. महिनाभरात फरक कळला मला.

आणि लिहिलेलं संगीत आपल्याला काही परकं नाही हो, स्वतःची स्वरलिपी तयार करणारे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर आपल्या नाशकातच आश्रम काढून राहिले होते.

तर रोज पाचच मिनिटं, आपल्या ग्रेडपेक्षा एक-दोन ग्रेड सोपा, नवाकोरा तुकडा, आणि एकदा वाजवला की तो बाजूला ठेवायचा, कारण दुसऱ्यांदा वाजवताना तो पाठ व्हायला लागलेला असतो.