रुमी मस्तकीच्या गावाला

[दृश्य : तळहातावर कागदाची पुडी. पुडी उलगडते.]

ही पुडी पुण्याची. काष्ठौषधींच्या दुकानात ‘रुमी मस्तकी द्या’ म्हटलं की मिळते. साबुदाण्याहून जरा मोठे, पिवळसर, काचेसारखे डिंकाचे खडे. युनानी औषधांत हिचं नाव हमखास असतं. दुकानदाराला विचारलं, ही येते कुठून? तो म्हणाला, “मुंबईहून.”

नावातला ‘रूम’ मात्र मुंबईच्या बराच पलीकडचा. रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या मुलखाला अरबी-फारसीत रूम म्हणत. त्याच मुलखातल्या एका बेटावर आम्ही आलोय. ग्रीसचं खिओस.

[दृश्य : बोट, पहाट. मग डोंगरातला बसचा रस्ता.]

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात रात्री बोटीत बसायचं, पहाटे इथे उतरायचं. समोर तुर्कस्तानचा किनारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ग्रीसला आलेले बहुतेक पाहुणे सांतोरिनीला जाऊन निळ्या घुमटासमोर फोटो काढतात. जरूर काढावेत. आमच्या बसमध्ये मात्र आम्ही दोघं सोडले तर सगळे बाजार आटोपून गावी परतणारे होते, आणि मांडीवर पिशव्या घेऊन आमच्याकडे टक लावून बघत होते.

[दृश्य : मस्तकीची झाडं, जवळून.]

झाड दिसायला अगदीच सामान्य. पुरुषभर उंचीचं, वाकडंतिकडं, झुडपात जमा होणारं. स्थानिक नाव स्किनोस. याची भावंडं भूमध्य समुद्राभोवती सगळीकडे उगवतात, पण मस्तकीचं पीक म्हणावं ते बेटाच्या या दक्षिण टोकालाच येतं.

उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून, सपाट करून त्यावर पांढरी माती पसरतात. आपण अंगण सारवतो ना, तितक्याच निगुतीनं. मग अणकुचीदार हत्यारानं सालीवर बारीक चिरा पाडतात. या कामाला इथे म्हणतात केंदिमा. भरतकामालाही हाच शब्द! टाका घालावा तशी चीर : खोल गेली तर झाड दुखावतं, उथळ राहिली तर डिंक येत नाही. चिरेतून थेंब ओघळतो, पांढऱ्या मातीवर पडतो आणि पंधरा-वीस दिवसांत सुकून खडा होतो. मध्येच पाऊस आला तर सगळं मुसळ केरात. आणि एवढं करून एका झाडामागे वर्षाकाठी सहसा पाव किलोही हाती लागत नाही.

लोक या थेंबांना अश्रू म्हणतात. तिसऱ्या शतकात संत इसिदोर यांचा इथे छळ करून वध झाला, तेव्हा झाडं रडली, अशी कथा आहे. २०१२ च्या ऑगस्टमधल्या वणव्यात बागाच्या बागा जळाल्या. नवं रोप लावलं की पहिल्या थेंबासाठी पाच-सहा वर्षं थांबायचं.

[दृश्य : मेस्ता गावातल्या गल्ल्या.]

एका डिंकापायी गावंच्या गावं कशी घडतात, ते मेस्तामध्ये दिसतं. १३४६ पासून दोनशेवीस वर्षं इथे इटलीतल्या जिनोव्हा शहराच्या व्यापाऱ्यांचं राज्य होतं. मस्तकीचा मक्ता त्यांचा. चोराचे नाक-कान कापण्यापर्यंत शिक्षा. चाच्यांचा धाक होताच. म्हणून गावाच्या कडेची घरं एकमेकांना चिकटवून बांधली, त्यांच्या पाठभिंतींचाच तट केला. गल्ल्या इतक्या अरुंद आणि फसव्या की आम्ही एकाच कमानीखालून तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी ओट्यावरच्या आजोबांनी न बोलता काठीनं वाट दाखवली.

[दृश्य : पिर्गी. काळ्या-पांढऱ्या भिंती.]

शेजारच्या पिर्गीत भिंती नटलेल्या आहेत. काळसर वाळूचा गिलावा करायचा, वर चुन्याचा पांढरा हात फिरवायचा, आणि चुना ओला आहे तोवर काट्यानं खरवडायचा. जेवणाच्या काट्यानं! खालचा काळा रंग वर येतो : त्रिकोण, चौकट, चांदणी. या कामाला म्हणतात क्सिस्ता, म्हणजे खरवडलेलं. सज्जांवर छोट्या टोमॅटोच्या माळा वाळत घातलेल्या असतात, लालभडक, तोरणासारख्या. कोलंबसाचं म्हणून एक घरही दाखवतात. त्यावर फार विसंबू नका. मस्तकी त्याला ठाऊक होती, एवढं खरं. १४९३ च्या पत्रात त्यानं खिओसचं नाव घेतलंय.

[दृश्य : दारातली आजी. मांडीवर ताट.]

या आजी मस्तकी निवडतायत. ताटात खडे, हातात लहान सुरी. प्रत्येक खड्याला चिकटलेली माती खरवडून काढायची. तांदूळ निवडावेत तशी नजर खाली. २०१४ साली युनेस्कोनं या कामाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आजींना त्याचं काय? त्यांच्या पुढ्यातला ढीग अजून तसाच आहे.

मी पुण्याची पुडी पुढे केली. नातीनं समजावून सांगितलं. आजींनी चष्मा सारखा केला, एक खडा उचलून दाताखाली धरला. चावला. त्याचं पीठ झालं. त्यांनी तोंड वेडंवाकडं करून ते बाजूला थुंकलं.

दुसरा खडा घेतला. तोही आधी भुगा झाला, मग हळूहळू जुळून आला, पांढरा, मऊ. आजी चघळत राहिल्या. नातीला काहीतरी म्हणाल्या.

“हा आमचा,” नात म्हणाली.

आजींनी पुडी स्वतःच्या ताटात रिकामी केली आणि निवडायला घेतली.